बिनचूक वॉर्ड

विनीता साल्पेकर नेमकं काय काम करते, हे तिच्या सासऱ्यांना आजही धड सांगता येत नाही. श्यामराव रेल्वेतून निवृत्त झालेले, रायपुरात तेलीबांध्याच्या तलावावर रोज सकाळी फिरायला जाणारे गृहस्थ. तिथे कोणी विचारलं की ते म्हणतात, "सून कॉम्प्युटरमध्ये आहे." विचारणाऱ्याचं तेवढ्यावर समाधान होतं. खरं तर विनीता कॉम्प्युटरकडे फारसं बघतच नाही, ती बघते कॉम्प्युटर वापरणाऱ्याकडे. त्याच्या मागे खुर्ची टाकून बसायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि तो कुठे अडतो, कुठे चिडतो, कुठे उगाच मान डोलावतो ते टिपत राहायचं. याचा तिला पगार मिळतो. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणालो होतो, की असलं काम असतं हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी जन्मभर जुन्या केसपेपरांची धूळ कशाला खाल्ली असती!

मी गंगाधर. रायपुरातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात रेकॉर्ड विभाग सांभाळतो. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, उगाच ट्रस्टींचे फोन येतील. आमचे आजोबा भंडाऱ्याहून इकडे आले आणि बूढ़ापाऱ्यात राहिले. मीही तिथेच वाढलो, त्यामुळे मराठी बोलता बोलता हिंदी कधी सुरू होते ते माझं मलाच कळत नाही. राज्य नवं झालं, राजधानी नवी झाली, तशी आमच्या ट्रस्टींनाही नव्याची हौस आली. नवी इमारत उभी राहिली आणि ठरलं की तिच्यात कागद नको. पेशंटची माहिती, तपासण्या, औषधं, सगळं कॉम्प्युटरवर. उद्घाटनाला मंत्री यायचे होते. पत्रिका छापून वाटायला निघाल्या होत्या.

आमचे डायरेक्टर डॉ. वासुदेव धोटे हा माणूस सावध. त्यांनी ट्रस्टींकडून एक अट कबूल करून घेतली होती. हे सॉफ्टवेअर आमच्या सिस्टरांना वापरायला जमतं की नाही, हे बाहेरच्या जाणकाराने तपासायचं, आणि त्याची सही झाल्याशिवाय वॉर्डात ते सुरू करायचं नाही. तो बाहेरचा जाणकार म्हणजे विनीता.

ती मूळची अमरावतीची. इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी केली, हेच काम तिथे शिकली, आणि नवरा रेल्वेत म्हणून रायपुरात आली. आवाज मोठा, चाल भरभर, आणि 'बहुतेक', 'कदाचित' हे शब्द तिच्या घरी चालत नसावेत. सदर बाजारातून स्कूटर अशी काढते की मागे बसणाऱ्याने देवाचं नाव घ्यावं. एकदा मी बसलो होतो, म्हणून सांगतो. बूढ़ापाऱ्यातल्या बँकेत टोकन देणारं यंत्र बसवलं तेव्हा ही पासबुक भरायला गेली आणि पासबुक विसरून त्या यंत्रापाशीच उभी राहिली. म्हातारी माणसं यायची, यंत्रापुढे नमस्कारासारखं थबकायची, मग चौकीदार पुढे होऊन बटण दाबायचा. हिने त्याला विचारलं, "भैया, आप छुट्टी पर रहते हो तब?" तो म्हणाला, "तब कोई टोकन नहीं लेता दीदी, सब लाइन लगा लेते हैं." ती तडक मॅनेजरच्या खोलीत गेली आणि त्याला हात धरल्यासारखं बाहेर आणून ते सगळं दाखवलं. नीलेश, म्हणजे तिचा नवरा, बाहेर स्कूटर चालू ठेवून घामाघूम झाला होता.

आमच्या रुग्णालयात आली तेव्हा पहिल्या दिवशीच तिने मला आजारी पाडलं. जुन्या इमारतीच्या वरच्या हॉलमध्ये दोन खाटा टाकल्या. एकीवर मी. माझं नाव बुधराम, मला ताप. दुसऱ्या खाटेवर पांघरुणाखाली एक उशी. तिचं नाव सुकवारो बाई, तिला साखरेचा आजार. सिस्टरने ट्रॉलीवर लॅपटॉप घेऊन यायचं, स्क्रीनवर डॉक्टरांनी कोणाला काय लिहिलंय ते बघायचं, आधी उशीला आणि मग मला औषध द्यायचं, आणि दिल्याची नोंद करायची. औषध म्हणजे पेपरमिंटच्या गोळ्या. विनीता मागे खुर्चीवर गप्प. तिने मलाही बजावलं होतं, "गंगाधरभाऊ, तुम्ही पेशंट आहात. मदत करायची नाही. हुंकारसुद्धा द्यायचा नाही." इतकी वर्षं नोकरी केली, पण झोपून राहण्याचं काम कोणी इतक्या कडक शब्दांत दिलं नव्हतं.

एकामागून एक सिस्टर येऊ लागल्या. सगळ्या सरलाबाईंच्या वॉर्डातल्या. सरला नंदनवार आमच्या सगळ्यात जुन्या इन्चार्ज सिस्टर. भंडाऱ्याकडच्या, पांढऱ्या साडीच्या, कडक इस्त्रीच्या. नवे डॉक्टरही त्यांना विचारल्याशिवाय वॉर्डात पंखा लावत नसत. त्यांच्या पोरींनी असं काम केलं की बघत राहावं. आली, स्क्रीन उघडली, उशीला गोळी, नोंद, मला गोळी, नोंद, गेली. एकही चूक नाही. एकीनेही मध्ये थांबून नाक मुरडलं नाही. सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस गौतम दाराशी उभा राहून प्रत्येक सिस्टरला हसून दाद देत होता. डॉ. धोटे येऊन पाहून गेले आणि मला म्हणाले, "गंगाधर, उगाच घाबरत होतो आपण."

विनीता मात्र खूश नव्हती. चहा प्यायला कॅन्टीनमध्ये बसलो तेव्हा म्हणाली, "भाऊ, इतकं बिनचूक कोणी असते का? मी पहिल्यांदा हेच उघडलं तेव्हा दोनदा भलतीकडे गेले होते. आणि मी तर हेच शिकलेली."

"आमच्या पोरी हुशार आहेत," मी म्हणालो.

"हुशार माणूस वेगवेगळ्या वाटेनं हुशार असतो. या सगळ्या एकाच वाटेनं चालून राहिल्या." तिने कप बाजूला सारला. "उशीची नोंद झाली की प्रत्येक जण वरचं ते घराचं चित्र दाबते. पहिल्या पानावर जाते आणि परत येऊन तुमचं नाव उघडते. काहून? खाली पेशंटची यादी आहेच की. तिथूनच नाव दाबलं तर काम होते. कंपनीच्या पुस्तकातही घराचं नाव नाही."

उत्तर दुसऱ्या दिवशी आपण होऊन चालत आलं. मीरा नावाची सिस्टर, संविदेवर, म्हणजे कंत्राटावर लागलेली, धमतरीकडची, गोळी देऊन झाल्यावर विनीताजवळ गेली आणि काळजीने विचारलं, "दीदी, ठीक हुआ ना? मैडम ने जैसा सिखाया था वैसेच करे हँव."

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. बाहेरून कोणी बघायला येणार म्हटलं की आमचा वॉर्ड उजळणीला बसतो. मागे दर्जाची तपासणी करणारी मंडळी आली होती, तेव्हा सरलाबाईंनी हात कसे धुवायचे हे वॉर्डबॉयपासून सगळ्यांकडून इतकं घोकून घेतलं की लोक घरी जेवायला बसतानाही तसेच हात धुवायला लागले. त्याची ढाल अजून कार्यालयात आहे. पलंगाच्या चादरी बदलतात, फुलदाण्या येतात, उत्तरं पाठ होतात. यात लबाडी कोणालाच वाटत नाही, पाहुणा येण्याआधी अंगण झाडतो त्यातलाच हा प्रकार. विनीता येणार म्हटल्यावर सरलाबाईंनी दुपारी वॉर्ड झोपला की एकेका पोरीला लॅपटॉपपुढे बसवलं आणि कुठलं बटण कशानंतर दाबायचं ते गिरवून घेतलं. शिवाय बऱ्याच जणी संविदेवरच्या. आपण चुकलो तर पुढच्या वर्षी नोकरी राहणार नाही, असंच सगळ्या धरून चालल्या होत्या. विनीता कितीही सांगो की तपासणी सॉफ्टवेअरची आहे, माणसांची नाही, असलं बोलणं सगळेच पाहुणे करतात.

विनीता सरळ सरलाबाईंच्या वॉर्डात गेली. मीही गेलो, कारण मला राहवलं नाही.

"ताई, तुम्ही पोरींना शिकवलं?"

सरलाबाई क्षणभर ताठ झाल्या. मग म्हणाल्या, "शिकवलं. मंग? माह्या वॉर्डाचं नाव खराब होऊ देऊ का? आणि या पोट्ट्यांच्या नोकऱ्या गेल्या तर त्याहिच्या घरी तुम्ही जासान सांगायले?"

"ते घर काहून दाबायला लावता?"

"कंपनीवाल्यानंच तसं सांगतलं होतं." सरलाबाईंनी नजर वळवली आणि सलाइनची बाटली विनाकारण सरळ केली. "म्याडम, तुम्ही वर हे सांगसान तर या पोट्ट्या गेल्याच समजा."

"मी तुमचं नाव घेणार नाही. पोरींचंही नाही. शब्द देते."

बाहेर आल्यावर मी तिच्यावर चिडलो. म्हटलं, असा शब्द कशाला दिलास? आता तपासणी पुन्हा कशी मागशील? कारण काय देशील? ती म्हणाली, "भाऊ, भ्यायलेल्या माणसाला आणखी भिववून काय कळणार? त्या घराचं काय ते मी माझं शोधते."

तिने गौतमला विचारलं. तो म्हणाला, आम्ही घराचं बटण कोणालाच शिकवलं नाही. मग ती मला घेऊन पुन्हा वरच्या हॉलमध्ये आली. मी बुधराम होऊन आडवा झालो. या वेळी ट्रॉलीमागे ती स्वतः होती. उशीचं औषध बघितलं, इन्सुलिन. दिलं, नोंद केली. मग घर दाबलंच नाही. खालच्या यादीतून थेट बुधरामचं नाव दाबलं आणि थांबली.

"भाऊ, इकडे या."

मी उठून पाहिलं. वर मोठ्या अक्षरांत माझं नाव होतं. बुधराम, वय, खाट. आणि त्याच्या खाली औषध म्हणून लिहिलं होतं इन्सुलिन. उशीचं औषध तिथेच राहिलं होतं. आमच्या रुग्णालयातली इंटरनेटची लाइन मुळातच रडतखडत चालते. नाव लगेच बदलत होतं, औषध मागे राहत होतं, आणि बराच वेळ तसंच राहत होतं. घराकडे जाऊन परत आलं तरच सगळं नवं दिसे. विनीताने पुन्हा करून पाहिलं. कधी नीट व्हायचं, कधी नाही. जास्त वेळा नाहीच.

इतकी वर्षं रुग्णालयात काढल्यावर एवढं मलाही कळतं. साखरेचा आजार नसलेल्या, तापाने जेवण सुटलेल्या माणसाला इन्सुलिन टोचलं तर तो जागचा उठणार नाही. मी पेपरमिंटवर जगणारा खोटा पेशंट, तरी त्या खाटेवर परत आडवा व्हायला धजलो नाही. उद्घाटनानंतर नव्या इमारतीतल्या खाटांवर खरे बुधराम झोपणार होते. त्यांच्याकडे येणाऱ्या सिस्टरला घर दाबायची आठवण राहिली तर ते वाचणार, आणि घाईत ती विसरली तर नाही. आणि ज्या तपासणीत हे सापडायला हवं होतं, तिच्यात आमच्या पोरींनी पाठ केलेल्या त्या एका बटणाने सगळं झाकून टाकलं होतं.

डॉ. धोट्यांच्या खोलीत बैठक झाली. भिंतीवर स्क्रीन दिसेल अशी सोय केली होती. गौतम होता, सरलाबाई होत्या, आणि तपासणीत भाग घेतलेल्या सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या. विनीताने उभं राहून इन्सुलिनचा तो घोटाळा सगळ्यांदेखत करून दाखवला. डॉक्टर पुढे झुकून बघत राहिले.

गौतम मात्र डगमगला नाही. "सर, मैडम ने जल्दी कर दी. पेज खुलने नहीं दिया. इतनी सिस्टर लोग ने किया, किसी एक से भी गलती हुई क्या? सिस्टम सही है. ये चलाने वाले की गलती है."

मला त्याचा राग आला, पण त्याचं म्हणणं खोडता येत नव्हतं. सगळ्या बिनचूक होत्या, हे आम्हीच लिहून दिलं होतं. विनीताला त्याला गप्प करायला एकच वाक्य पुरलं असतं, की या पोरींना शिकवून आणलं होतं. तिने ते उच्चारलं नाही.

"त्या सगळ्या एक असं बटण दाबतात, जे तुमच्या पुस्तकात नाही," ती म्हणाली. "ते दाबलं नाही की हे होतं. तपासणी मी पुन्हा करणार, दुसऱ्या वॉर्डात, न सांगता. तोपर्यंत मी सही करणार नाही."

"पण त्या ते का दाबतात?" डॉ. धोट्यांनी विचारलं.

"ते मी सांगणार नाही, सर."

"विनीता, उद्घाटन तोंडावर आलंय. कारण न देता तुम्ही नाही म्हणता, आणि मी ट्रस्टींना काय सांगू?"

"सांगा, विनीता साल्पेकर नाही म्हणाली. माझं नाव लिहा, मोठ्या अक्षरांत लिहा. या गोष्टीची मला पूर्ण खात्री आहे."

गौतमने लॅपटॉप मिटायला घेतला. डॉक्टर टेबलावर बोटं वाजवत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं की ते सही दुसऱ्या कोणाकडून घ्यावी का, याचा विचार करताहेत. त्या क्षणी मी मनातल्या मनात विनीताला शिव्या घातल्या. शब्द कसला पाळतेस, माणसं मरतील!

तेवढ्यात खुर्ची सरकली. सरलाबाई उभ्या राहिल्या होत्या.

"सर, मी शिकवलं," त्या म्हणाल्या. "या पोट्ट्याइचा दोष नाही. घर दाबा म्हणून मीच सांगतलं."

"कंपनीने तर तसं सांगितलं नव्हतं."

"नाही. मी खोटं बोलली." त्यांचा आवाज असा बारीक मी कधी ऐकला नव्हता. "पहिल्यांदा शिकायले बसली होती, तवा मले दिसलं. नाव एकाचं अन् औषध दुसऱ्याचं. मी घाबरली. कोणालेच सांगतलं नाही. मले वाटलं, माहीच चूक होऊन राहिली. वय झालं, कॉम्प्युटर आपल्याच्यानं होत नाही. मंग करता करता समजलं का घरी जाऊन परत आलं तर बरोबर येते. पोट्ट्याइले तेच शिकवलं. म्हटलं, माही चूक त्याइच्या हातून नको व्हायले."

डॉक्टर काही बोलायच्या आत भिंतीकडून आवाज आला. मीरा होती. "मोला घलो दिखे रिहिस सर. मैं सोचे रहेंव, मोरेच गलती हे." तिलाही दिसलं होतं, तीही स्वतःलाच दोष देत बसली होती. मग तिच्या शेजारच्या सिस्टरने हात वर केला. मग आणखी एकीने. जिला ते दिसलं तिने मान खाली घालून सोडून दिलं होतं, आणि वॉर्डात एकमेकींच्या पोळीभाजीची चव सांगणाऱ्या या बायकांनी ही एक गोष्ट एकमेकींपासून लपवली होती.

डॉ. धोट्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मलाही दिसलं होतं," ते म्हणाले. "माझ्या घरी एकदा हे उघडून बसलो होतो. एका नावाखाली भलतीच औषधं. मला वाटलं, नजर गेली. दुसऱ्या दिवशी जाऊन हा नवा चष्मा करून आणला."

गौतमने अर्धा मिटलेला लॅपटॉप पुन्हा उघडला आणि मान खाली घालून कोणाला तरी फोन लावायला बाहेर गेला. डॉक्टरांनी ट्रस्टींना फोन केला. म्हणाले, इमारतीचं उद्घाटन होईल, कॉम्प्युटरचं नाही. पलीकडून बरंच मोठ्याने बोलणं ऐकू येत होतं. डॉक्टरांनी फोन कानापासून थोडा दूर धरला आणि तेच वाक्य पुन्हा सांगितलं. मग सिस्टरांकडे वळून म्हणाले, "कोणाच्याही नोकरीचा या गोष्टीशी संबंध नाही. हे मी लिहून देतो. जा आता, वॉर्डात एकही सिस्टर नाही."

पोरी निघाल्या. सरलाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. विनीता वायर गुंडाळत होती, तिच्यापाशी त्या गेल्या.

"म्याडम, एक विचारू? खरं सांगसान?"

"विचारा ना ताई."

"म्हणजे मी चुकली नव्हती?"

"नाही."

"एकदाही नाही?"

विनीताने वायर खाली ठेवली आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "एकदाही नाही, ताई."

सरलाबाईंनी तिथेच, डायरेक्टरच्या खोलीत, इस्त्रीच्या साडीचा पदर डोळ्यांना लावला आणि मोकळेपणाने रडून घेतलं.